वेल्स आणि जपानमधील लाकूड कारागीर एकमेकांकडे राहून काय शिकतात?

‘हत्यारे तर दोन्हीकडे सारखीच, मग निवासी देवाणघेवाण कशासाठी?’ असा आपला प्रश्न आहे. हत्यारे सारखी नाहीत. जपानी करवत आणि रंधा स्वतःकडे ओढून चालवतात. ओढताना करवतीचे पाते ताणले जाऊन सरळ राहते, त्यामुळे ते पातळ ठेवता येते आणि काप बारीक पडतो. वेल्समध्ये दोन्ही हत्यारे पुढे ढकलतात. हा फरक वाचून कळतो, पण हाताला कळायला काही आठवडे शेजारी बसून काम करावे लागते.

माझ्या मते खरी गंमत कातकामात, म्हणजे लाकूड लेथवर फिरवत हत्याराने आकार देण्यात आहे. वेल्सचे जुने कातारी सिकॅमोर या झाडाच्या ओल्या लाकडाचे, बहुधा लाकडाच्या रेषा आडव्या ठेवून, वाडगे पायाने चालणाऱ्या लेथवर कातत. जपानच्या इशिकावा प्रांतातील यामानाका येथे मात्र उभ्या रेषांचे लाकूड घेऊन, आधी ओबडधोबड कातून, वाळवून, मग पुन्हा कातून पातळ वाडगा काढतात आणि त्यासाठीची हत्यारे कातारी स्वतःच घडवतात. वेल्सकडे देण्यासारखा प्रेमचमचाही आहे, म्हणजे प्रेमाची खूण म्हणून द्यायचा कोरीव लाकडी चमचा: एकाच लाकडातून, कधी साखळीसकट कोरलेला. वेल्समधील सेंट फॅगन्सच्या संग्रहालयातील एक प्रेमचमचा १६६७ सालचा आहे.