रंग कुठून आला, हे आधी विचारा

तुमचा प्रश्न असा, की संग्रहालयात टांगलेले इंटरनेटचे रंगीत, जाळीदार नकाशे शेवटी आलेखच ना, मग त्यांना कला का म्हणायचं? मी बरीच वर्षं नेटवर्कच्या कामात आहे. कलाकार लिसा जेव्हब्रॅट यांची १९९९ची ‘१:१’ ही वेबच्या नकाशांची कलाकृती समजून घेतली आणि माझ्यापुरता हा प्रश्न सुटला.

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्राचा क्रमांक. त्याच्या जुन्या पद्धतीत (आयपीव्ही४) चार आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. त्यातून साधारण ४२९ कोटी पत्ते तयार होतात. सर्च इंजिन एका दुव्यावरून दुसऱ्यावर जातं, त्यामुळे कुणीतरी बोट दाखवलेल्या जागाच त्याला सापडतात. जेव्हब्रॅट यांच्या क्रॉलरनी, म्हणजे वेब आपोआप धुंडाळणाऱ्या प्रोग्रामनी, दुवे सोडून दिले आणि थेट पत्त्यांवर जाऊन इथे वेबसाइट आहे का ते पाहिलं. मग वेगळंच जग हाती लागलं: पासवर्ड मागणारी दारं, ‘काम चालू आहे’च्या पाट्या, कुणासाठीच न मांडलेली पानं. वेबचा हा भाग रोजच्या वापरात आपल्याला दिसतच नाही.

त्यातल्या ‘एव्हरी’ या दृश्यात सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला एक ठिपका आहे. ठिपके आकड्यांच्या क्रमाने लावलेत आणि रंगही पत्त्यातल्या आकड्यांवरूनच ठरतो. क्रम सलग असेल तिथे छटा हळूहळू सरकते, मधले पत्ते गळले की रंग उडी मारतो. ठिपक्यावर क्लिक केलं की त्या साइटवर जाता यायचं. म्हणजे नकाशा हेच दार. सजावटीसाठी एकही रंग निवडलेला नाही, आणि तरीही ते चित्र विणलेल्या वस्त्रासारखं दिसतं. मला त्यातली कला या नियमात दिसते.

आता बॅरेट लायन यांचा २००३ मध्ये सुरू झालेला ‘ऑप्टे’ हा इंटरनेटचा नकाशा पाहा. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. डेटाची पाकिटं (छोटे तुकडे) कुठल्या टप्प्यांवरून जातात ते ट्रेसराउट या वाट शोधणाऱ्या साधनाने काढून त्या रेषा जोडल्या आहेत. सुंदरच आहे. पण बघणारे ‘अगदी मेंदूच्या पेशी!’ म्हणतात, तेव्हा लक्षात ठेवा की ठिपके कुठे बसायचे ते मांडणीचा प्रोग्राम ठरवतो. दोन ठिपक्यांमधलं अंतर किलोमीटरचं नसतं. म्हणून माझं माप ‘१:१’कडे झुकतं.

नुसतं बघत बसू नका, एक करून पाहा. स्वतःच्या साइटचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे कुठल्या पत्त्यांवरून भेटी आल्या त्याची नोंद, घ्या (दुसऱ्यांची नेटवर्कं स्कॅन करायला जाऊ नका). प्रोसेसिंग या चित्रं काढायच्या प्रोग्रामिंग साधनात २५६ × २५६ चौकोन आखा: पत्त्याचा पहिला आकडा ओळ, दुसरा स्तंभ. एका चौकोनात ६५,५३६ पत्ते येतात. जितक्या भेटी, तितका चौकोन उजळ. मग तोच डेटा हिल्बर्ट वक्रावर, म्हणजे वळणं घेत सगळे चौकोन भरणाऱ्या एका सलग रेषेवर, मांडा. त्यात लागोपाठचे आकडे शेजारी राहतात, त्यामुळे आधी आडवा पट्टा दिसलेला गट आता गठ्ठा होऊन समोर येतो. माझ्या लॉगमध्ये असाच एक कोपरा रात्रंदिवस पेटलेला असायचा. मी खूश होते, इतके वाचक! तो बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, निघाला.

लॉगमध्ये आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचे पत्तेही असतील. ते खूप लांब, १२८ बिटांचे, या चौकटीत मावत नाहीत. गुपचूप गाळू नका. किती वगळले तो आकडा चित्राखाली लिहा आणि दोन्ही चित्रं इथे टाका, मी पाहीन.