लिथोट्रिप्सीनंतर लघवीत रक्त आणि प्रोटीन आलं, किडनी खराब झाली का?

तुमच्या वडिलांच्या उजव्या किडनीतला 11 मिमीचा खडा शॉक वेव्हने फोडला, म्हणजे लिथोट्रिप्सी केली. तिसऱ्या दिवशी लघवी तपासली तर प्रोटीन 2+, लाल पेशी भरपूर, पीएच 5.5. शॉकने किडनी दुखावली का आणि लघवीचं रसायन कायमचं बदललं का, असं तुम्ही विचारलंय. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारजवळच्या एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट आहे, असे रिपोर्ट माझ्या हातून नेहमी जातात. तिसऱ्या दिवशी असाच रिपोर्ट येतो, तेवढ्यावरून घाबरू नका.

शॉकचा सगळा जोर खड्यावर धरलेला असला तरी लाट किडनीतूनच जाते. वाटेतल्या केशवाहिन्या फुटतात, म्हणून लघवी लाल होते. रक्ताबरोबर रक्तातली प्रथिनंही उतरतात, त्यामुळे लघवी तपासायच्या पट्टीवर प्रोटीन दिसतंच. नलिकांच्या पेशीही दुखावतात आणि त्यांच्यातली एन्झाइम्स लघवीत येतात. त्यातलं एनएजी अभ्यासकांनी खूप मोजलंय. त्याचा रेणू इतका मोठा की रक्तातून गाळून तो सहसा येत नाही. लघवीत वाढला तर तो नलिकांच्या पेशींतूनच आलेला असतो. शॉकनंतर तो वाढतो आणि साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो. लाली बहुतेकांची त्याआधीच जाते. म्हणजे इजा झालीय, हे खरं. पण बहुतेकांत ती भरून येते. किती शॉक दिले, किती जोराने आणि किती भराभर, यावर ती कमी-जास्त होते. मिनिटाला 120 पेक्षा 60 च्या आसपासचा वेग म्हणूनच बरा मानतात.

थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, रक्ताच्या गाठी पडू लागल्या किंवा कमरेतली कळ वाढतच गेली, तर मात्र रिपोर्टची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

आता जे मला खरं सांगायचंय ते. म्युनिकमध्ये 1980 साली पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला आणि पुढे मुतखड्यासाठी पोट उघडणं जवळजवळ संपलं. पण शॉक खडा फोडतो, खडा बनवणारी लघवी तो बदलत नाही. कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक अॅसिड जास्त आणि खडा होऊ न देणारं सायट्रेट कमी, अशी लघवी असेल तर ती तशीच राहते, आणि मागे उरलेल्या कणांवर नवे थर बसायला लागतात. म्हणून 24 तासांची लघवी तपासायलाच हवी. ती आत्ता नाही. आत्ता लघवीत रक्त आहे, बाबा भरपूर पाणी पिताहेत, पथ्याचं जेवताहेत. साधारण सहा आठवड्यांनी, नेहमीचं खाणंपिणं सुरू झाल्यावर करा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशीची पहिली लघवी धरून सगळी जमवायची. बाटली मात्र लॅबचीच घ्या; काही घटकांसाठी तिच्यात आधीच अॅसिड घातलेलं असतं, ते सांडू नका.

आणि त्या दिवशी कृपा करून शहाणं होऊ नका! आपल्याकडे लोक नेमके त्याच दिवशी गाठिया, फाफडा, लोणचं बंद करतात. रिपोर्ट छान येतो आणि उपयोगाचा राहत नाही. गाठियात मीठही असतं आणि पापडखारही, दोन्हींतून सोडियम जातं, आणि सोडियम वाढलं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं. डॉक्टरांना तेच तर बघायचं असतं.

दूध बंद केल्याचं तुम्ही लिहिलंय. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर सुरू करा. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते काढून टाकलं तर ऑक्झलेट उलट जास्त शोषलं जातं. बिनमिठाची छास तर उत्तमच. कमी करायचंच असेल तर मीठ आणि पालक करा.

पीएच 5.5 एकदा आला याला फार अर्थ नाही, सकाळची लघवी आम्लच असते. पण पुन्हा पुन्हा तेवढाच आला तर खडा युरिक अॅसिडचा असू शकतो, आणि तो सायट्रेटच्या औषधाने लघवीचा पीएच 6.5 ते 7 वर नेऊन विरघळवता येतो. ते ठरवायला खड्याचे तुकडे लागतात. अजून पडत असतील तर लघवी गाळणीतून घ्या, सापडलेले कण वाळवून डबीत ठेवा आणि लॅबला द्या. त्यांच्या पृथक्करणाचा रिपोर्ट आणि 24 तासांचा रिपोर्ट डॉक्टरांना एकत्रच दाखवा.

24 तासांच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी लघवीचं एकूण प्रमाण बघा. ते अडीच लिटरच्या आसपास हवं. आपल्या मे महिन्यात घामातच इतकं पाणी जातं की ते सहज दीड लिटरवर येतं. हृदयाचा किंवा किडनीचा दुसरा त्रास नसेल, तर आत्तासारखं भरपूर पाणी पिणं पुढेही चालूच ठेवा.