निघोजच्या कुंडासाठी वर्गणी मागण्याआधी

या मंचावरचा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निघोज आणि टाकळी हाजीच्या मधल्या, कुकडी नदीवरच्या कुंडाकाठी, रांजणखळगे (पाण्यानं कातळात कोरलेले रांजणासारखे खोल खड्डे) कसे घडले हे सांगणारी फलकांची पायवाट करायची आहे. 8 फलक आणि बसायच्या दोन जागा धरून अंदाज 6 लाखांवर गेलाय. ऑनलाइन आवाहनाला महिना झाला तरी काही हजारच जमलेत, तेव्हा आता एखादी कंपनी गाठावी का, असं तुम्ही विचारलंय. कंपनीकडे जरूर जा, पण सगळ्यात शेवटी. आधी तुमच्या दोन्ही गावांचा पैसा त्यात पडू द्या, थोडा का असेना.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. आमच्या गावच्या ओढ्याला उभ्या दगडी खांबांचा एक कडा आहे. तिथे वाट करताना आम्ही आधी मोठा देणगीदार शोधला. एकाच धनादेशात काम झालं, फलक लागले, निम्म्या फलकावर त्यांचंच नाव. गाव म्हणालं, ज्यांचं काम आहे ते बघतील. दुसऱ्या पावसाळ्यात दोन फलक आडवे झाले आणि त्यांच्यावरून गुरं गेली, तरी उचलायला कोणी आलं नाही. माणसं वाईट नव्हती, त्यांना ते आपलं वाटावं असं आम्हीच काही केलं नव्हतं. पुढे घरटी 50 रुपयांची पावती फाडली आणि तेच फलक पुन्हा उभे केले. तेव्हापासून एखादा वाकलेला दिसला की दुपारच्या आत मला फोन येतो.

म्हणून पावतीपुस्तक छापायच्या आधी लोकांना कुंडावर चालवा. मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी, पंधरा-वीस जणांचा एकेक गट. शाळेची पोरं, बचतगटाच्या बायका, देवस्थानचे विश्वस्त, वाळू-मुरमाच्या गाड्यांवर काम केलेली माणसंसुद्धा. कुकडीवर वरच्या अंगाला धरणं आहेत, त्यामुळे त्यांचं पाणी (आवर्तन) कधी सुटणार हे पाटबंधारे खात्याकडून विचारूनच तारीख ठरवा. काठापासून लांब उभं राहायची शिस्त पहिल्याच दिवशी लावा, ते खळगे वरून दिसतात त्यापेक्षा फार खोल आहेत.

तिथे भाषण करू नका. कोरड्या पडलेल्या एखाद्या उथळ खळग्यातला गोटा उचलून आजींच्या हातात द्या आणि विचारा, हा इतका गुळगुळीत कसा झाला? मग सांगा. पुराचं पाणी कातळातल्या भेगेपाशी, खाचेपाशी गरगर फिरतं, त्यात गोटे अडकतात, आणि जात्यासारखे फिरून फिरून कातळ पोखरत जातात. खळगा रुंद होतो, खोल होतो, शेजारच्या खळग्याची भिंत फोडून त्याला मिळतो. ज्या घरात जातं होतं त्या घरातल्या बाईला हे एका वाक्यात कळतं. आमच्याकडे अशा फेरीनंतर मिळालेल्या वर्गणीइतकी सहज वर्गणी मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

इथे मजकुराबद्दल एक आग्रह. पर्यटनाच्या पाट्यांवर सर्रास चुकतं, ते तुमच्याकडे चुकू नये. दख्खनचा काळा कातळ लाव्हाच्या थरांनी बनला, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. हे दगडाचं वय झालं. खळगे नदीनं पोखरलेले आहेत आणि ते त्या मानानं फारच अलीकडचे. 'कोट्यवधी वर्षांपूर्वीची कुंडं' असं लिहिलंत की शिकलेला माणूस पहिल्याच फलकावर विश्वास सोडतो. पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागातून मजकूर तपासून घ्या. शिक्षक आनंदानं करतात, मात्र विद्यार्थ्यांना जेवू घाला.

आणि देवीचं. दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं आहेत, चैत्रातल्या यात्रेला गर्दी लोटते. फलकानं देवीशी वाद घालू नये, तसाच शास्त्रालाही पाठ दाखवू नये. गावात कुंडाबद्दल जे सांगतात ते 'गावात असं सांगतात' म्हणून मानानं लिहा, नदीचं काम त्याच्या शेजारी लिहा. देवस्थान सोबत असेल तर यात्रेत तुमचं टेबल मंडपाच्या तोंडाशी लागतं. नसेल तर तुम्ही बाहेरचे ठरता, गावचे असलात तरी.

मागताना 'पायवाटेसाठी मदत करा' असं म्हणू नका. एका फलकाचा खर्च काढा, त्याचे वाटे पाडा. 'चौथा फलक, गोटा आणि खळगा, यातला हा तुमचा वाटा' असं म्हटलं की माणूस खिशात हात घालतो. 1992 च्या दहावीच्या बॅचनं एक फलक घ्यावा, एका वस्तीनं एक. नावं फलकावर नकोत. शेवटी एकच दगडी पाटी करा आणि 50 रुपयांपासून सगळी नावं एकाच मापाच्या अक्षरात लिहा. यावरून भांडण होईल. त्या भांडणात माघार घेऊ नका.

कागदांचं थोडक्यात. सार्वजनिक कामासाठी पैसे गोळा करताना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41 सी खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच. नोंदणीकृत न्यासाच्या नावानं जमवलंत तर उत्तम. न्यासाला 80 जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असेल तरी 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, तिथे यूपीआय किंवा धनादेशच घ्या. तुम्ही अमेरिकेतल्या गावकऱ्यांचा उल्लेख केलाय, तिथे जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं आपल्या कमाईतून दिलेली देणगी चालते. ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याचा पैसा मात्र परदेशी देणगी ठरतो, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी, आणि एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तो घेता येत नाही. ओळखीतला भाचा असला तरी नाही म्हणा.

नदीचं पात्र सरकारी आहे. दोन्ही ग्रामसभांचे ठराव घ्या, दोन्ही तहसील कार्यालयांना आणि पाटबंधारे खात्याला पत्र द्या. तुमच्या कामात जिल्हेही दोन आहेत, पुणे आणि अहिल्यानगर, त्यामुळे हे काम सगळ्यात रेंगाळणार, आजच सुरू करा. निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. एकही फलक तिच्या आत नको. कातळाला भोक पाडायचं नाही, रंगानं बाण काढायचे नाहीत, सिमेंट ओतायचं नाही. ज्याच्यासाठी वाट करतोय त्यालाच जखम करून कसं चालेल? काठाच्या वर, मातीत पाया घेऊन खांब उभे करा. आठ फलक बसत नसतील तर पाच करा.

आता कंपनी. रांजणगाव आणि सुपे या दोन्ही एमआयडीसी तुमच्यापासून फार लांब नाहीत, त्याचा फायदा घ्याच. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा, पैसा घेणाऱ्या न्यासाकडे आयकर खात्याची 12 ए आणि 80 जी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 ची नोंदणी आणि तशा कामाचा 3 वर्षांचा अनुभव लागतो. तुमचं मंडळ नवं आहे, तेव्हा असा जुना न्यास सोबत घ्या. भेटायला जाताना गावाच्या पावत्यांची वही आणि उभा राहिलेला पहिला फलक, फोटोत का होईना, घेऊन जा. साहेब सगळ्यात आधी विचारतात, पुढे सांभाळणार कोण? त्या वहीत उत्तर असतं.

म्हणूनच 6 लाखांच्या अंदाजात मला एक ओळ दिसली नाही ती सांगतो. देखभाल. जमलेल्या प्रत्येक रुपयातले 20 पैसे बाजूला काढून न्यासाच्या नावे मुदत ठेवीत टाका आणि व्याजातून दरवर्षी पावसाळ्यानंतर फलक धुणं, रंगवणं, झुडपं काढणं करा. हे देणगीदारांना आधीच सांगा, कोणी नाराज होत नाही.

यात्रेला अजून अवधी आहे. तोवर एकच फलक, गोट्याचा, घरच्या वर्गणीतून उभा करता येईल. त्याचा कच्चा मजकूर इथे टाका, दीडशे शब्दांच्या आत. मी आणि इथले भूशास्त्राचे दोघे सदस्य मिळून तपासून देऊ.