वायफाय दिसत नाही, घड्याळ साडेपाच तास मागे : लिनक्स वापरणाऱ्या वाचकांचे प्रश्न

टर्मिनलमध्ये द्यायच्या आज्ञा या सदरात देवनागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. बाकी सगळं चालतं, पण वायफायचं चिन्हच दिसत नाही. विंडोजमध्ये तेच वायफाय उत्तम चालायचं. कार्ड बिघडलं का? (चिपळूण)

उत्तर : विंडोजमध्ये चालत होतं, म्हणजे कार्ड बहुधा धडधाकट आहे. ते कोणत्या कंपनीचं आहे हे आधी बघा. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्या आणि यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ असलेली ओळ शोधा. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहून पुढे ड्रायव्हरचं (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव असेल, तर ड्रायव्हर लागलेला आहे आणि वायफाय फक्त बंद असण्याची शक्यता जास्त. मग ‘आरएफकिल लिस्ट’ द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : येस’ दिसलं तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने काम होतं. ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ असेल तर आज्ञेचा उपयोग नाही, लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएनसोबतची वायफायची की दाबावी लागते.

ड्रायव्हरची ओळच नसेल, किंवा तिथे ‘बीसीएमए-पीसीआय-ब्रिज’ एवढंच असेल, आणि चौकोनी कंसातला क्रमांक १४ई४ने सुरू होत असेल, तर कार्ड ब्रॉडकॉमचं आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये बीसीएम४३१४२ वारंवार सापडतं. त्याचा ड्रायव्हर मुक्त परवान्याचा नसल्यामुळे मिंट तो आपणहून बसवत नाही. तो उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला तो ड्रायव्हर लागतो, इथे बहुतेक जण अडकतात. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. (नुसत्या चार्जिंगची केबल चालणार नाही, आणि हॉटस्पॉटही नाही, कारण तो वायफायवरच मिळतो.) लिनक्सला हे साधं केबलचं नेटवर्क वाटतं. नंतर ड्रायव्हर मॅनेजर उघडून ‘बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’ निवडा.

लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पुढचं नीट वाचा. ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. मशीन पुन्हा सुरू झालं की निळा पडदा येतो. त्यावर दहा सेकंदांच्या आत कुठलीही की दाबा, ‘एनरोल एमओके’ निवडा आणि तोच पासवर्ड द्या. ही वेळ हुकली तर ड्रायव्हर बसलेला दिसतो, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) तो नाकारतो. ‘सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल’ दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं, तर हेच झालं आहे. अशा वेळी ‘सुडो एमओकेयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/एमओके/एमओके.डेर’ देऊन मशीन परत सुरू करा (यातला शेवटचा एमओके, म्हणजे फाइलच्या नावातला, मोठ्या अक्षरांत). बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूटच बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात. शेजारी विंडोज असेल तर त्याआधी बिटलॉकरची (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर विंडोज ती मागतं आणि सगळा डेटा कुलुपात अडकतो.

प्रश्न : घरी फायबर ब्रॉडबँड घेतलं. काही साइट चटकन उघडतात, पण बँकेच्या साइटवर नुसतं चाक फिरत राहतं. फोनवरही कधीकधी तसंच होतं. डीएनएस बदलून पाहिलं, फरक नाही. (जळगाव)

उत्तर : डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधणारी व्यवस्था) बदलण्याआधी दोरा नेमका कुठे तुटतो ते शोधायला हवं होतं. त्याला तीन पायऱ्या पुरतात. ‘आयपी रूट’ दिल्यावर ‘डिफॉल्ट व्हाया’नंतर राउटरचा पत्ता दिसतो, तो पिंग करा (‘पिंग’ लिहून पुढे तो पत्ता द्या, समोरून उत्तर येतं का ते कळतं). उत्तर आलं नाही तर दोष वायफायमध्ये किंवा केबलमध्ये. मग ‘पिंग १.१.१.१’. ते अडलं तर दोष राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या लाइनीवर. शेवटी एखाद्या साइटचं नाव पिंग करा. आकड्याला उत्तर आलं आणि नावाला नाही, तरच डीएनएसकडे वळा.

डीएनएसच असेल तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये आयपीव्ही४च्या पानावर ‘ऑटोमॅटिक’ बंद करून १.१.१.१ आणि ९.९.९.९ घाला, जोडणी तोडून पुन्हा जोडा आणि ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ने खात्री करा. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाइल हाताने बदलू नका. उबुंटू आणि मिंटमध्ये तिचा ताबा सिस्टमडी-रिझॉल्व्हडकडे असतो, त्यामुळे तुमचा बदल टिकत नाही. काही जण फाइलला कुलूप लावायला सांगतात. तसं केलं तर पुढे हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पानच उघडत नाही.

तुमच्या बाबतीत काही साइट उघडतात, म्हणजे नावं सापडताहेत. संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या (डेटाच्या तुकड्याच्या) कमाल आकारावर आहे. इथरनेटच्या एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात. पण कंपनी युजरनेम-पासवर्ड घेऊन पीपीपीओई या पद्धतीने जोडत असेल तर त्यातले ८ बाइट त्या जोडणीच्या शीर्षकात जातात आणि उरतात १४९२. मोठं पॅकेट वाटेत अडलं की ‘लहान करून पाठव’ असा आयसीएमपी निरोप मागे जातो. काही साइटचे फायरवॉल हाच निरोप गिळतात. सर्व्हरला काहीच कळत नाही, तो तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि तुमच्याकडे चाक फिरत राहतं. छोटी पॅकेट मात्र बिनबोभाट जातात, म्हणून पिंग उत्तम आणि साइट बंद असा चक्रावणारा अनुभव येतो.

खात्री करायला ‘पिंग -एम डू -एस १४६४ १.१.१.१’ द्या (एम मोठा). १४६४ मध्ये आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ मिळवले की १४९२ होतात. हे पॅकेट गेलं आणि १४७२चं अडलं, तर निदान पक्कं. १४६४ही अडलं तर दहा-दहाने कमी करत जा. जो सर्वांत मोठा आकडा जातो त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. नेटवर्क कनेक्शन एडिटरमध्ये त्या जोडणीच्या वायफाय किंवा इथरनेट पानावर एमटीयूच्या रकान्यात तो भरा.

पण हा उपाय त्या एका संगणकापुरता. फोनवरही तसंच होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे राउटर दुरुस्त करणं अधिक चांगलं. त्याच्या सेटिंग्जमधल्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पानावर एमटीयू १४९२ ठेवा आणि ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ (समोरच्याला आधीच लहान पॅकेट पाठवायला लावणारी सोय) चालू करा. आकडा मागितला तर १४५२ द्या.

प्रश्न : एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू आहेत. उबुंटू वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे! (सोलापूर)

उत्तर : मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. भारताचा फरक साडेपाच तासांचा, म्हणून चूक नेमकी तेवढीच. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही एक आज्ञा पुरेशी आहे (सेट-लोकल-आरटीसी हा जोडून एकच शब्द). नंतर ‘टाइमडेटसीटीएल’ पाहिलं तर एक इशारा दिसेल. त्यातली मुख्य काळजी उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या देशांची आहे, आपल्याकडे ती नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांनी मात्र ही आज्ञा टाळावी. त्यांनी विंडोजच्या रजिस्ट्रीत (अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) टाइमझोन-इन्फर्मेशनखाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ हे डीवर्ड (आकड्याची नोंद) १ करावं.

मशीन प्लगमधून काढल्यावर तारीखच काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. तो लगेच बदला. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं अमान्य ठरतात, अपडेटही ‘नॉट व्हॅलिड येट’ म्हणून अडतं, आणि माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो.

प्रश्न : विंडोजची डी ड्राइव्ह लिनक्समध्ये उघडते, पण तिच्यात काही साठवता येत नाही. (सांगली)

उत्तर : विंडोज पूर्ण बंद झालेलं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ते अर्धवट झोपतं, आणि लिनक्स अशा ड्राइव्हवर लिहायचं टाळतं. ते बरोबरच आहे. विंडोजमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या. लिनक्समधून जबरदस्तीने लिहू नका, फायली जातील.

प्रश्न : अपडेट करताना ‘कुड नॉट गेट लॉक’ येतं. लॉकची फाइल पुसून टाकू का? (मडगाव)

उत्तर : मुळीच नको. पाठीमागे आपोआप अपडेट चालू असतं. ते संपेपर्यंत थांबा. मध्येच वीज जाऊन काम अर्धवट राहिलं असेल तर मशीन पुन्हा सुरू करा आणि ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या.

प्रश्न : लिनक्सवर मराठी टाइप करताना ‘दऱ्या’ लिहिता येत नाही, ‘दर्या’च होतं. शिवाय लिबरऑफिसमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. (पुणे)

उत्तर : कीबोर्डच्या यादीत ‘मराठी (एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट)’ निवडा. त्यात र जे या कीवर आहे आणि नुक्त्याचा ऱ शिफ्ट-जेवर. ‘दऱ्या’साठी क्रमाने ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ आणि ई दाबा. साध्या जेने रफार येतो, शिफ्टने र्‍याचं मराठी वळण येतं.

ल आणि शसाठी मजकुराची भाषा मराठी असायला हवी. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स (जुन्या आवृत्तीत लँग्वेज सेटिंग्ज) या वाटेने जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडा आणि नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी हा फाँट घ्या. आधी लिहिलेल्या मजकुरावर जुनीच भाषा राहते. तो सगळा निवडून त्याची भाषा वेगळी बदलावी लागते.