खरेदीखत राहू द्या, 12 फेब्रुवारी धरा

जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीतून एका भाऊंचं चार पानी पत्र आलं आहे. नगरपरिषदेने कीटकनाशकांचं बंद पडलेलं गोदाम दवाखान्यासाठी विकत घेतलं. 14 जून 2025 ला पहिला मोठा पाऊस झाला, पाणी गोदामात शिरून बाहेर वाहिलं आणि तेव्हापासून शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. माहिती अधिकारात मूल्यांकन अहवाल मागितला, तर ‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून नकार मिळाला. आता ते विचारतात, ही खरेदी रद्द करून घेता येईल का? धुळे, नंदुरबारकडूनही अशी पत्रं येतात. गोदामाच्या जागी कुठे जुनी गिरणी असते, कुठे रंगाईचा कारखाना.

भाऊ, खरेदीचा निकाल उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात लागेल. तिथे किती वर्षं लागतील, याची खात्री कोणताही वकील देणार नाही. पण दुसरी एक मुदत तुमच्या हातातून चालली आहे आणि तिच्याबद्दल तुमच्या चार पानांत एक ओळ नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाचे वाद चालवणारं न्यायालय. त्याचा कायदा, 2010 चा, कलम 14(3). वादाचं कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. उशिराचं सबळ कारण पटलं तर आणखी 60 दिवस मिळतात. त्यापुढे न्यायाधिकरणाच्या मनात असलं तरी त्यांना मुदत वाढवता येत नाही.

‘पहिल्यांदा’ हा शब्द नीट वाचा. वास रोज येतो म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते, असं मांडणारे वकील आहेत. त्या भरवशावर मी तुमचं प्रकरण सोडणार नाही. तारीख तर तुम्ही स्वतःच लिहून दिली आहे. मुख्याधिकाऱ्यांना दिलेल्या अर्जाची पोच तुम्ही जोडलीत, त्यात तुमच्याच अक्षरात ‘दि. 14 जूनपासून पाणी पिण्यालायक नाही’ असं आहे. समोरचा वकील तोच कागद पुढे करेल. सहा महिने 14 डिसेंबरला संपले. सवलतीचे 60 दिवस 12 फेब्रुवारीला संपतील. आज जानेवारी निम्मा झाला.

मधले सात महिने कशात गेले? ‘साहेब म्हणाले बघतो’, हे वाक्य पत्रात तीनदा आलं आहे. गल्लीतले म्हणाले, ‘जाऊ दे ना भो’, आणि तुम्ही जाऊ दिलंत. मला राग येतो तो याचाच. त्या विहिरीवर लेकरं पाणी भरतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. उशिराचं कारण म्हणून तोंडी आश्वासन चालत नाही. नगरपरिषदेची लेखी उत्तरं, स्मरणपत्रं, पोचा, जे असेल ते तारखेवार लावा आणि विलंब माफीचा अर्ज मूळ अर्जासोबतच द्या.

अर्ज पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठात करायचा. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क 1000 रुपये, आणि स्वतः उभं राहण्याची मुभा आहे. कलम 14 सोबत कलम 15 ही लावा. भरपाई मागायला आणि पर्यावरण पूर्ववत करून घ्यायला तिथे पाच वर्षांची मुदत आहे. मात्र नुसतं 15 लावून निभेल की नाही, हे मांडणीवर आणि पीठावर अवलंबून राहील. म्हणून 12 तारीख चुकवू नका.

पुरावा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शहाबादी फरशीच्या सांध्यांत पांढरी भुकटी दिसते आणि कोपऱ्यात एक फाटका खोका आहे, त्यावर लाल त्रिकोण. कीटकनाशकांच्या वेष्टनावर लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल वर्ग. तो खोका हलवू नका, झाडूही लावू देऊ नका. तुम्ही घरच्या बाटलीत भरलेलं पाणी न्यायालयात टिकेल असं मला वाटत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव कार्यालयात आजच लेखी तक्रार करा, पंचनाम्यासह नमुना मागा आणि ‘कीटकनाशकांचे अवशेष तपासावेत’ हे शब्द घाला. नाहीतर क्षार आणि जंतू तपासून अहवाल हातात पडेल. केंद्राने 2025 मध्ये प्रदूषित जागांसाठी वेगळे नियम आणले आहेत, त्यांचाही उल्लेख करा. दुसरी वाट माहिती अधिकार कायद्यातच आहे. कलम 2(ञ) मध्ये कागदांच्या प्रतींसोबत साहित्याचे प्रमाणित नमुने मिळण्याचाही हक्क आहे. गोदाम आता नगरपरिषदेच्या ताब्यात आहे, तेव्हा फरशीखालच्या मातीचा नमुना मागून बघा.

माहितीचा अर्ज तुम्ही बिघडवलात. तीन पानं, चार विषय. महाराष्ट्रात एक अर्ज, एक विषय, 150 शब्द. नकार 28 ऑगस्टला मिळाला आणि 30 दिवसांत पहिलं अपील केलं नाहीत. तरी हे नुकसान भरून येतं. नव्याने अर्ज करा, दहा रुपयांचं तिकीट लागतं. व्यवहार पुरा झाल्यावर कसली व्यापारी गोपनीयता, हा मुद्दा अपिलात चालावा. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठात जातं, तिथली रांग बघता त्यावर बाकीचं काही अडवून ठेवू नका. आणि खरेदीखतासाठी माहिती अधिकार लागतच नाही. नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणे दुय्यम निबंधकाकडे ते कोणालाही बघता येतं, नक्कलही मिळते.

ते खत हाती आलं की एक गोष्ट तपासा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार माहीत असलेला छुपा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. विकणाऱ्याने लपवलं, असं नगरपरिषद म्हणाली तर जागेत विष आहे हे तिने कबूल केलं. विष नाहीच म्हणाली तर विकणाऱ्याकडून पैसे परत मागायची वाट तिने स्वतः बंद केली. यातलं काय ते लेखी विचारा, तोंडी नको.

दवाखाना तिथे हलवायचं घाटत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे नगरपरिषद अधिनियम, 1965 च्या कलम 308 खाली स्थगिती मागा. देतील की नाही सांगता येत नाही. पण हा अर्ज पुण्याची कागदपत्रं दाखल झाल्यावर करा, त्याआधी नको. या आठवड्यात पोचा घेऊन तालुक्याच्या वकिलाकडे जा आणि ती 14 जूनची ओळ त्यांना आधी दाखवा.