बिनधास्त विचारा: जाहिरातीची गाणी डोक्यातून जात काहून नाहीत?

प्रश्न: पन्नाशी उलटली माझी, नागपूरच्या महाल भागात लहानाचा मोठा झालो. लग्नाची तारीख बायकोला विचारावी लागते पण निरमाची जिंगल पहिल्या सुरापासून पाठ आहे. पोरं हसून राहिलीत माझ्यावर. हे असं काहून होते?
(एक वाचक, महाल)

उत्तर: हसू द्या ना भाऊ. त्यांच्या मोबाइलवर जाहिरात आली की पाच सेकंदात स्किप, त्यांना काय डोंबल आठवणार आहे. आपल्याकडे स्किप नव्हतं. चॅनल एकच, दूरदर्शन, आणि टीव्ही गल्लीत एखाद्या-दोघांकडेच, त्यामुळे रविवारी सकाळी रामायण लागायच्या आधी (1987 ची गोष्ट सांगतोय) त्या घरी जाऊन सतरंजीवर जागा पकडायची आणि एकदा पकडली की हलायचं नाही, कारण उठलात की गेली जागा, मग समोर साबण येवो, दंतमंजन येवो की चहा, सगळं गिळावंच लागायचं. वर तीच जाहिरात दुसऱ्या दिवशी शाळेत, मैदानावर, नळावर सगळेच गात असायचे. एकच ओळ अख्खा मोहल्ला महिनोन् महिने म्हणतो म्हटल्यावर ती जाईल कुठं?

आणि एक स्पष्ट सांगतो, त्या सगळ्या काही फार ग्रेट नव्हत्या. गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती आठवून बघा, आज पाहिल्या तर लाज वाटते. पण चाली बांधणारी माणसं मात्र तालेवार होती. आपले अशोक पत्की घ्या, सिनेमा-नाटकासोबत त्यांनी हजारो जिंगल्स केल्या. अर्ध्या मिनिटात मुखडा, प्रॉडक्टचं नाव आणि शेवट बसवायचा हे खायचं काम नाही.

प्रश्न: बाबा म्हणतात रेडिओवरच्या जाहिराती आपल्या नागपुरातून सुरू झाल्या. फेकून राहिलेत का?
(प्रतापनगरची ताई)

उत्तर: थोडं वाढवून सांगतात, पण फेकत नाहीत हो. 1 नोव्हेंबर 1967 ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या पहिल्यांदा तीनच ठिकाणी, मुंबई, पुणे आणि आपलं नागपूर. दूरदर्शनवर जाहिराती यायला 1976 उजाडलं. म्हणजे तोवर तरी घरात वाजणारी जाहिरात नागपूरकरांनी नुसती कानानं ऐकली, तीही पोस्टात रेडिओच्या लायसनचे पैसे भरून.

बाबांना अजून एक विचारा, टॉकीजमधल्या स्लाइडा आठवतात का म्हणून. इंटरव्हल झाला की पडद्यावर काचेच्या स्लाइडा लागायच्या, साड्यांचं दुकान, चष्म्यावाला, टायपिंगचे क्लास, सगळं हातानं रंगवलेलं, पत्त्यात बर्डी नाही तर इतवारी. ऑपरेटरनं एखादी उलटी लावली की खालच्या क्लासमधून अशा शिट्ट्या पडायच्या की विचारू नका, आणि तो सरळ करायच्या नादात बोट मध्ये आणायचा, मग पडद्यावर हे एवढं मोठं बोट. दुकानदाराचे पैसे मात्र तिथंच वसूल, कारण ते नाव पुढं आठवडाभर पोट्ट्यांच्या तोंडी.

पोट्ट्यांचं तर काय सांगावं, त्यांना चाल मिळाली की झालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा "घेऊन जा गे मारबत" च्या आधी काय वाट्टेल ते जोडायची सूट असते, महागाई, खोकला, परीक्षा. आमच्या गल्लीत टीव्हीवरच्या जाहिरातीचे शब्द काढून त्यात ट्यूशनच्या मास्तरांचं नाव टाकायचे आणि मास्तर गॅलरीत उभे राहून ऐकायचे. आता तेवढ्यावरून व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडणं होतील.

प्रश्न: "विको टर्मरिक, नाही कॉस्मेटिक" असं का म्हणायचे? क्रीम तर तोंडालाच लावायची ना?
(धरमपेठेतला विद्यार्थी)

उत्तर: बरोबर शंका आहे मित्रा. यामागं टॅक्सची भानगड आहे. तेव्हा कॉस्मेटिक म्हटलं की एक्साइज ड्यूटी (कारखान्यात बनलेल्या मालावरचा टॅक्स) जास्त लागायची, आयुर्वेदिक औषध म्हटलं की कमी. एक्साइज खात्याचं म्हणणं ही कॉस्मेटिक, कंपनीचं म्हणणं औषध, आणि हे भांडण वर्षानुवर्षं चालत सुप्रीम कोर्टात गेलं. शेवटी निकाल कंपनीच्या बाजूनं लागला, आणि समोरची पार्टी कोण, तर नागपूरचंच सेंट्रल एक्साइज! म्हणजे कोर्टात जे म्हणायचे तेच जिंगलमध्ये गात होते, आणि आपण पोरं ते घसा फाडून म्हणत होतो. कंपनी 1952 ची, ती काढणारे केशव विष्णू पेंढरकरही नागपुरातूनच मुंबईला गेलेले, म्हणून इथं त्या जाहिरातीबद्दल जरा जास्तच आपुलकी.

प्रश्न: यंदा गणपतीत आमच्या मंडळाला जुन्या लोकल जाहिरातींचा प्रोग्राम करायचा आहे. रेकॉर्डिंग कुठं मिळेल?
(मंडळाचे कार्यकर्ते, नंदनवन)

उत्तर: निरमा, विको वगैरे यूट्यूबवर ढिगानं आहे, त्यात मजा नाही. लोकल दुकानांच्या रेडिओ जाहिराती, ऑटोवर भोंगा लावून फिरायचे ते, केबलवाल्याच्या चॅनलवर रात्री पिक्चरच्या मध्ये यायचे ते, यातलं फारसं कोणी जपून ठेवलेलं नसतं, टेप एकतर पुसून परत वापरली नाही तर बुरशी लागून गेली. म्हणून रेकॉर्डिंग शोधत बसू नका, माणसं शोधा. मंडपात माइक ठेवा, साठीच्या पुढच्या काका-मावश्यांना बोलवा आणि अंताक्षरीसारखं खेळवा, फक्त दुकानाचं नाव आणि पत्ता चालीसकट म्हणता आला तरच पॉइंट. मोबाइलवर बघायचं नाही. दोघांना एकच जाहिरात वेगवेगळ्या चालीत आठवली तर भांडू द्या, उलट तेच पहिल्यांदा रेकॉर्ड करा. आणि हो, दुकान अजून चालू असेल तर मालकाला आधी सांगा, वर्गणी पण सुटेल.