एसी सर्व्हिसवाला दरवर्षी गॅस भरायला सांगतो, खरंच लागतो का?

नाही हो, दरवर्षी अजिबात लागत नाही. एसीतला गॅस काय गाडीतलं पेट्रोल आहे का संपायला, तो बंद पाइपात फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीकेज आहे आणि ते न शोधता नुसता गॅस मारून गेला की पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. सरळ विचारा त्याला, लीक कुठंय दाखव, जॉइंटला साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. मग आधी ते दुरुस्त, मग व्हॅक्यूम (म्हणजे पंपाने पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणं), आणि मग गॅस, तोही वजनकाट्यावर, आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, स्टिकरवर किती लागतो ते लिहिलेलं असतं. व्हॅक्यूम पंप न आणता गॅस भरायला आलेल्याला मी तरी दारातूनच परत पाठवीन.

पण त्याआधी फिल्टर बघा. पुण्यात वाकड-हिंजवडीकडे बांधकामाची धूळ एवढी की उन्हाळ्यात पंधरा दिवसांत जाळी राखाडी होते, हवा अडली की कॉइलवर बर्फ जमतो आणि तोच दाखवून 'गॅस कमी आहे' म्हणतात. नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, फुकटातलं काम आहे. जेट सर्व्हिस, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एसी धुणं, मात्र फेब्रुवारीतच उरकून घ्या, एप्रिलमध्ये कोणी फोन उचलत नाही.